वाघमारे मॅडमची सही

वाघमारे मॅडमच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या ती आधी उलटी करून बघायच्या. छत्री असो, डबा असो, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आलेली चावीची गाडी असो. ती कुठं बनली हे खाली कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. एकदा आमच्या घरी चहाने भरलेला कपच तिरका करून वाचायला गेल्या आणि नव्या साडीवर सांडून घेतला.

"काय मॅडम तुम्ही पण!" मी म्हटलं.

"माणसाला त्याचं गाव विचारू नये ग," साडी झटकत त्या म्हणाल्या. "वस्तूला विचारावं."

त्या मूळच्या परभणीकडच्या. लग्न करून मुंबईत आल्या, आणि मुंबई परवडेनाशी झाल्यावर मीरा रोडच्या पेणकरपाड्यात एका चाळीत राहायला आल्या. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढं, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन गाळ्यांत हसमुखभाईंचा तारेच्या हँगरचा कारखाना होता. लाँड्रीवाले इस्त्रीचा शर्ट ज्या बारीक हँगरवर अडकवून देतात ना, तेच. मी तिथं कॉम्प्युटरवर टायपिंग करायचे. मॅडम माझ्या शेजारच्या टेबलावर एक्स्पोर्टचे कागद बघायच्या. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटकडे काढली होती. कोणत्या मालाला कोणता कागद लागतो, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

तरीही प्रत्येक कागद त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठातल्या ओठात वाचायच्या. शंभरदा तोच मजकूर असला तरी. त्या वेळी कुणी मध्ये बोललं तर डोळे वर न करता डावा हात उभा करायच्या, ट्रॅफिक पोलिसासारखा. वाचून झालं की पूर्ण नावानं सही करायच्या, तीही मराठीत. प्रमिला दिनकर वाघमारे. इंग्रजी कागदावर मराठी सही बघून हसमुखभाई एकदा म्हणाले होते, "वाघमारेबेन, अमेरिकावाला कैसे पढेगा?"

"सही पढने की नहीं होती भाई, पहचानने की होती है," मॅडमनी उत्तर दिलं होतं.

स्वभावानं त्या सोप्या नव्हत्या. एकदा माल भरलेला ट्रक न्हावा-शेवा बंदराला निघाला होता, आणि मॅडमच्या लक्षात आलं की कागदावर हँगर 'पावडर कोटिंग'चे लिहिलेत आणि आत आहेत साध्या रंगाचे. त्या चपला न घालताच धावल्या आणि गेटबाहेर ट्रकच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागं रिक्षांची रांग लागलीय, हसमुखभाईंचा पुतण्या केतन ओरडतोय की एवढ्याशा शब्दानं काय फरक पडतो. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मी धावतपळत नवा कागद टाइप करून आणला, तो त्यांनी तिथंच, ट्रकच्या बॉनेटवर ठेवून पूर्ण वाचला, आणि मगच बाजूला झाल्या.

"माल खोटं बोलत नाही नीता," आत येताना त्या मला म्हणाल्या. "कागद बोलतो."

केतनला त्या दिवसापासून त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या.

मॅडमच्या घरी काय झालं होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचे मिस्टर, दिनकरराव, खेळण्यांच्या एका कारखान्यात साचे बनवायचे. हात सोन्याचा. बाहेरच्या मालावरची बंधनं सरकारनं उठवली, आयात कर उतरले, आणि वर्षा-दोन वर्षांत भाईंदर स्टेशनबाहेर चिनी खेळण्यांचे ढीग लागले. लोक खूश झाले. मीही झाले, माझ्या मुलाला तेव्हाच पहिल्यांदा रिमोटची गाडी घेता आली. दिनकररावांचा कारखाना मात्र बंद पडला. ते मीरा रोडला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले. मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज जराही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "साच्यावर चालणारा हात आता शिट्टी वाजवतोय."

आणि मग दोन हजार आठच्या सुमाराला उलटंच वारं सुटलं. अमेरिकेनं चीनमधून येणाऱ्या तारेच्या हँगरवर जबर कर लावला. चिनी हँगर इतके स्वस्त येत होते की तिकडचे कारखाने बंद पडत चालले होते, त्यांनी तक्रार केली, आणि कर लागला. पॅकिंगच्या टेबलाशी चहा पिताना मॅडम हे सगळ्यांना समजावून सांगत होत्या. पॅकिंगची मुख्य होती सकिना, नया नगरला राहणारी, हाताला विलक्षण वेग असलेली बाई. तिनं विचारलं, "तो ये टॅक्स चाइनावाला भरेगा?"

"नहीं रे. जो माल मँगवाएगा, वो भरेगा. और वो लाँड्रीवाले से लेगा."

"और लाँड्रीवाला?"

"वो शर्टवाले से."

सकिना हसली. "मतलब अमेरिका ने अमेरिका को ही टॅक्स लगाया!"

"आधा-अधूरा वैसाच," मॅडम म्हणाल्या. "पर उधर का कारखाना बच गया ना. और इधर तेरे को काम मिलेगा. किसी का जाता है, किसी का आता है."

काम आलंच. चीनचा माल महाग झाल्यावर तिकडचे व्यापारी भारतात, व्हिएतनाममध्ये, जिथं मिळेल तिथं हँगर शोधायला लागले. एका मोठ्या गिऱ्हाइकानं हसमुखभाईंना गाठलं. दोन मशीन होत्या, त्या तीन पाळ्यांत धावू लागल्या. नवी माणसं घेतली. सकिनानं धाकट्या बहिणीलाही कामाला लावलं. मला पगारवाढ मिळाली. त्या दिवाळीत हसमुखभाईंनी प्रत्येकाच्या हातात स्वतः मिठाईचा डबा दिला, आणि मॅडमनी तोही उलटा करून बघितला.

पण गिऱ्हाइकाची भूक मोठी होती. त्याला महिन्याला जेवढा माल हवा होता तेवढा आमच्या दोन मशीनमधून निघणं शक्यच नव्हतं. नाही म्हटलं तर तो दुसरीकडे गेला असता. हसमुखभाई दिवसभर फोनवर असायचे, घाम पुसत.

एका सोमवारी सकाळी आम्ही कामावर आलो तर तिसरा गाळा छतापर्यंत खोक्यांनी भरलेला. खोक्यांवर काहीही छापलेलं नव्हतं. केतन नव्या बायकांना हँगरवर चढवायचे कागद वाटत होता, 'मेड इन इंडिया' छापलेले. मॅडम थेट आत गेल्या, एक खोका फोडला, एक हँगर काढला आणि उजेडात धरला. हँगर उलटा केला तरी त्यावर काही लिहिलेलं नसतं. पण त्यांना ते वाचायची गरजच पडली नाही.

बाहेर येऊन त्या खुर्चीत बसल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"आपला नाही हा माल," मला हळूच म्हणाल्या. "चीनचा आहे. इथं उतरवून, आपला म्हणून अमेरिकेला पाठवायचाय. कर चुकवायला."

मी की-बोर्डवरचे हात मागं घेतले. थोड्या वेळानं केतननं त्यांच्या टेबलावर कागद ठेवला. माल भारतात बनला असल्याचा दाखला व्यापारी मंडळाकडून घ्यावा लागतो, त्यासाठीचा अर्ज. त्यावर कारखान्यातर्फे सही करायचा अधिकार एकट्या मॅडमचा होता. मंडळाकडे त्यांचीच सही नोंदवलेली होती.

मॅडमनी कागद वाचला. अगदी शेवटपर्यंत. मग केतनकडे सरकवला.

"ये मेरे से नहीं होगा."

"मॅडम, कल शाम तक कंटेनर पोर्ट पे पहुँचना चाहिए. जहाज निकल जाएगा."

"निकलने दो."

हसमुखभाई त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले. दार उघडंच होतं. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "वाघमारेबेन, मैं चोर नहीं हूँ. छे महिने में नई मशीन आ रही है, फिर सब अपना माल होगा. इतना टाइम निकालना है बस. ये कस्टमर गया तो मशीन का ऑर्डर भी गया, और ये सब लोग भी गए." मॅडम काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्या तेव्हा पदर मुठीत घट्ट धरलेला होता.

बातमी गाळ्यांमध्ये पसरायला दुपारच्या जेवणाची सुट्टी पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बंद पडल्या. म्हणजे कुणीतरी बंद केल्या. तीस-चाळीस माणसं आमच्या टेबलांभोवती येऊन उभी राहिली. पुढं सकिना.

"मॅडम, एक सही का सवाल है," ती म्हणाली.

"सकिना, तो माल तू बनाई क्या?"

"मेरे को नहीं मालूम किसने बनाया. मेरे को इतना मालूम है कि मेरी बहन की नौकरी अभी लगी है. अमेरिकावाले का टॅक्स बचाने का ठेका तुमने लिया है क्या?"

मागून कुणीतरी म्हणालं, "इनका क्या, पढीलिखी हैं, इनको दूसरा काम मिल जाएगा." एकानं टेबलावर हात आपटला. स्टॅम्पपॅड खाली पडलं. मी उठून मॅडमच्या शेजारी उभी राहिले खरी, पण खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी वाटत होतं की त्यांनी सही करून टाकावी. माझाही पगार त्यातूनच येत होता.

केतननं अर्ज पुन्हा समोर ठेवला. वर पेन ठेवलं. मॅडमनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं, आणि पेन उचललं.

'प्रमिला' लिहिलं. 'दिनकर' लिहिलं.

आणि तिथं पेन थांबलं. त्या नावाकडे त्या बघत राहिल्या. मग उठल्या, तिसऱ्या गाळ्यातून एक हँगर आणला, मशीनजवळच्या ढिगातून आपला एक उचलला, आणि दोन्ही सकिनाच्या हातात दिले.

"इसमें तेरा कौनसा?"

सकिनानं दोन्हीच्या मानेजवळच्या पिळावरून अंगठा फिरवला. एका क्षणात डाव्या हातातला वर केला. "ये अपना. उसमें पीळ एक ज्यादा है."

"तेरे अंगूठे को समझ में आया ना? उधरवाले को भी आएगा. आज नहीं तो कल. फिर वो बोलेगा इंडियावाले भी चोर हैं, और टॅक्स अपने हँगर पे भी लगेगा. तेरे हाथ के हँगर पे." मॅडमनी तिच्या हातातल्या त्या हँगरवर बोट ठेवलं. "मेरे आदमी का कारखाना बंद हुआ, मेरे को मालूम है घर में क्या होता है. वो किसी ने झूठ बोल के नहीं किया था, तो भी उतना दुखा."

त्यांनी अर्धवट सहीवर आडवी रेघ मारली आणि कागद केतनला दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं पांगली, ती कुरकुरतच. सकिनानं दोन्ही हँगर टेबलावर फेकले.

तो कंटेनर त्या जहाजावर चढला नाही. पण पुढच्याच आठवड्यात केतननं मंडळाकडे स्वतःची सही नोंदवली, आणि पुढच्या जहाजानं माल गेला. त्यानंतरही जात राहिला. हसमुखभाईंनी मॅडमना काढलं नाही. त्यांचं टेबल काढलं. त्यांना पॅकिंगला पाठवलं, आमच्या मशीनमधून खरोखर निघणाऱ्या मालाची नोंद ठेवायला. मॅडम उभ्यानं काम करायला लागल्या. रोज संध्याकाळी कोणत्या मशीनवर किती वेळ काम चाललं, कोणत्या तारेचं भेंडोळं वापरलं, हे त्या एका वहीत लिहायच्या आणि खाली पूर्ण नावानं सही करायच्या. त्यांच्याशी तिथं कुणी बोलायचं नाही. त्या भाकरी आणि जवसाची चटणी घेऊन माझ्याकडे यायच्या, आणि आम्ही दोघी जेवायचो.

एकदाच त्यांनी विचारलं, "नीता, मी चुकले का ग?"

मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या भाकरीवर वाढली. त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी गेटसमोर गाडी थांबली. अमेरिकेच्या कस्टमची दोन माणसं उतरली, सोबत आपल्याकडचे एक अधिकारी. भारतातून एकाएकी एवढे हँगर येतात कुठून, हे बघायला ते कारखान्या-कारखान्यांतून फिरत होते. केतनचा चेहरा उतरला. तिसरा गाळा त्या दिवशी नेमका रिकामा होता, एवढंच नशीब. ते लोक मशीनभोवती फिरले, घड्याळ लावून एक मशीन किती वेगानं चालते ते बघितलं, आणि त्यातल्या उंच माणसानं सहज विचारावं तसं विचारलं, की रोजच्या कामाची नोंद कुठं आहे?

पॅकिंगच्या टेबलावर वही पडलेली होती. ती लपवायला कुणाला सुचलंच नव्हतं. त्यानं ती चाळली, शेवटच्या पानावरच्या मराठी सहीवर बोट ठेवलं आणि ही कुणाची म्हणून विचारलं. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं.

तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. शांतपणे, एकेक शब्द सुटा करत त्यानं इंग्रजीत विचारलं, "तुमच्या कारखान्याच्या नावानं अमेरिकेत आलेला सगळा माल ह्याच दोन मशीनवर बनलाय का?"

मशीन बंद केलेल्या होत्या. पंख्याचा आवाज येत होता. सकिना खोक्याला पट्टी लावता लावता थांबली होती, पट्टी तशीच हवेत. मॅडमनी आधी सकिनाकडे बघितलं, मग तिच्या बहिणीकडे. हो म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, आणि नाही म्हटलं तर ही सगळी माणसं त्यांच्या तोंडून रस्त्यावर येणार होती.

"सर," मागून हसमुखभाईंचा आवाज आला. ते केबिनच्या दारात, चौकटीला धरून उभे होते. "डोन्ट आस्क हर. आस्क मी." आणि मग, बहुतेक स्वतःशीच, 'तिला कशाला विचारता' अशा अर्थाचं गुजरातीत, "एने शुं काम पूछो छो."

त्यांनी त्या लोकांना आत नेलं आणि दार लावलं. दीड तास ते दार उघडलं नाही. मॅडम टेबलाला टेकून खाली जमिनीवर बसल्या होत्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकानं संबंध तोडले, आमचा खरा मालही घेणं बंद केलं. नव्या मशीनची ऑर्डर रद्द झाली. त्यातच तिकडे मंदी आली होती, दुसरं गिऱ्हाईक मिळेना. कारखाना पूर्ण बुडाला नाही, एका गाळ्यात इथल्या लाँड्रीवाल्यांसाठी हँगर बनत राहिले, पण निम्म्याहून जास्त माणसांना घरी जावं लागलं. कुणाला कमी करायचं ती यादी मीच टाइप केली. मॅडमचं नाव हसमुखभाईंनी तीत घातलंच नव्हतं. मॅडम माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून वाचत होत्या, ओठातल्या ओठात.

"सगळ्यात वर माझं नाव घाल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, भाईंनी सांगितलंय की तुम्ही..."

"घाल की ग. दुसऱ्यांची नावं माझ्या नावाखाली असू देत. मला त्यांच्या वर बसून राहता यायचं नाही."

मी हसमुखभाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मी नाव घातलं. सकिनाचं नाव सातवं होतं, तिच्या बहिणीचं आठवं.

त्यानंतरचं वर्ष मॅडमना जड गेलं. पेणकरपाड्याच्या गल्लीत आमच्या कारखान्यातली चार घरं होती, ती त्यांना बघून दार लोटून घ्यायची. कुणीतरी उठवलं होतं की अमेरिकेला चिठ्ठी मॅडमनीच लिहिली. ते खरं नव्हतं, पण त्या कुणाला सांगायला गेल्या नाहीत. सकिना बाजारात समोरून आली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. शेवटी मॅडमना उरणला एका क्लिअरिंग एजंटकडे काम मिळालं आणि त्यांनी घर हलवायचं ठरवलं.

त्या रविवारी मी मदतीला गेले. सामान फारसं नव्हतंच. बाबासाहेबांची तसबीर मॅडमनी आधीच चादरीत गुंडाळून टेम्पोच्या पुढच्या सीटवर दिनकररावांच्या मांडीवर दिली होती. शेवटी राहिलं लोखंडी कपाट. ते माझ्याच्यानं आणि मॅडमच्यानं उचलेना. दिनकरराव उतरायला लागले तोच गल्लीच्या तोंडाशी सकिना दिसली. कुणी सांगितलं होतं तिला, कोण जाणे. ती सरळ आली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि कपाटाची माझ्याकडची बाजू धरली.

"उठाओ," ती म्हणाली.

दोघींनी कपाट उचललं, तिरकं करून दारातून काढलं, टेम्पोत चढवलं. मॅडम धापा टाकत होत्या. सकिनानं ओढणीनं हात पुसले, टेम्पोची मागची फळी लावली, खिटी नीट बसली का ते हलवून बघितलं आणि वळून चालायला लागली.

मॅडम कपाटाला पाठ टेकून मागंच बसल्या होत्या. टेम्पो निघाला. मी हात हलवत होते. गल्लीच्या वळणापर्यंत त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे, लांब जाणाऱ्या सकिनाच्या पाठीकडे बघत राहिल्या. वळणावर त्यांनी हात वर केला. तो माझ्यासाठी नव्हता.